कोरा रकाना

केळव्याला समुद्राकाठी घर असले की लोखंडाशी कायमचे वैर पत्करावे लागते. खिडकीचे गज, विहिरीची कप्पी, सायकलची साखळी, खारा वारा काहीही सोडत नाही. त्यामुळे गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेली माझी भाची जेव्हा म्हणाली, ‘‘मामा, मी हल्ली रस्टमध्ये काम करते,’’ तेव्हा मी म्हणालो, ‘‘अगं, इथे आम्ही सगळेच गंजात काम करतो.’’

ती हसली आणि मग तिने सांगितले ते असे. रस्ट ही संगणकाला काम सांगण्याची एक भाषा. २००६ साली व्हँकूव्हरमध्ये राहणाऱ्या ग्रेडन होअर या तरुणाच्या इमारतीतली लिफ्ट तिच्यातल्या संगणकाचा प्रोग्रॅम कोसळल्याने बंद पडली. घर एकविसाव्या मजल्यावर. जिने चढता चढता त्याच्या मनात आले, की साधी लिफ्टसुद्धा धड चालू नये अशा भाषा आपण का वापरतो? पुढे मोझिला या संस्थेने त्याच्या प्रयत्नाला पाठबळ दिले आणि २०१५ साली भाषेची पहिली पक्की आवृत्ती निघाली. नाव मात्र लोखंडाच्या गंजावरून नाही, पिकावर पडणाऱ्या तांबेऱ्याच्या बुरशीवरून ठेवले. ती चिवट असते म्हणून.

इथपर्यंत मी नातेवाइकाच्या कौतुकाने ऐकत होतो. पण नंतर तिने ओटीवर बसून मला ‘बिल्डर’ म्हणजे काय ते समजावले, आणि माझी ती रात्र झोपेविना गेली.

बिल्डर म्हटले की पालघर-बोईसरकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे जमिनीचे सातबारे उभे राहतात. हा बिल्डर तसा नव्हे. समजा, प्रोग्रॅममध्ये बँकेचे एक खाते तयार करायचे आहे. त्याला नाव हवे, पत्ता हवा, रक्कम हवी, मुदत हवी. ही माहिती एका दमात ओळीने दिली तर रकमेच्या जागी मुदत जाण्याची भीती. म्हणून प्रोग्रॅमर आधी एक कोरा फॉर्म घेतो, एकेक रकाना नावानिशी भरतो आणि शेवटी ‘आता खाते बनव’ असे सांगतो. हा फॉर्म म्हणजे बिल्डर.

आता एखादा सक्तीचा रकाना राहून गेला तर? नेहमीची पद्धत अशी, की प्रोग्रॅम चालू असताना, खाते बनवायच्या क्षणी यंत्र ओरडते: ‘मुदत भरलेली नाही.’ पण तोवर प्रोग्रॅम गिऱ्हाइकाच्या हाती गेलेला असतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असते. रस्टमध्ये ही चूक प्रोग्रॅमरच्या टेबलावरच पकडता येते. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर असतो, तो उतरवायलाच नकार देतो.

कसे, ते मला बँकेच्या भाषेत कळले. कल्पना करा, की फॉर्म पांढरा आहे. नाव भरलेत की कारकून तो तुमच्याकडून काढून घेतो आणि पिवळा देतो. पत्ता भरलात की पिवळा जातो, हिरवा येतो. खाते उघडण्याची खिडकी आहे ती फक्त शेवटच्या गुलाबी फॉर्मसाठी. पिवळा फॉर्म घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणारे कोणी नसते, कारण त्याच्यासाठी खिडकीच नसते. प्रोग्रॅममध्ये रंगाच्या जागी ‘प्रकार’ असतो: कोणते रकाने भरले याची नोंद फॉर्मच्या प्रकारातच राहते. आणि गंमत अशी, की ही सारी तपासणी भाषांतराच्या वेळी संपते. चालत्या प्रोग्रॅमवर या रंगांचे ओझे उरत नाही.

दहा सक्तीचे रकाने असले, तर भरलेले आणि न भरलेले मिळून १,०२४ अवस्था होतात. त्यांचा हिशेब हाताने लिहीत कोण बसणार? तेही यंत्रच करते. रकान्यांच्या यादीवर एक ओळ लिहायची, की मॅक्रो नावाची सोय आवश्यक तो सगळा मजकूर आपण होऊन लिहून काढते. ‘टाइप्ड बिल्डर’ आणि ‘बॉन’ ही अशी तयार साधने आहेत. त्यांच्याच कुळातले ‘डिराइव्ह बिल्डर’ मात्र राहिलेला रकाना प्रोग्रॅम चालताना सांगते. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

कल्पना तशी नवी नाही. जुन्या रेल्वे केबिनीत लोखंडी तरफांची रांग असे. सांधा योग्य बाजूला वळून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नलची तरफ हलतच नसे. केबिनमन कितीही दमलेला असो, झोपाळलेला असो, खालचे लोखंड त्याला चूक करू देत नसे. जॉन सॅक्सबी या इंग्रज कारागिराने अशा रचनेचे पेटंट १८५६ साली घेतले. तेव्हापासून किती प्रवासी आपल्या नकळत वाचले असतील!

आता माझी झोप का उडाली ते सांगतो.

१९९१ साली मी याच भागातल्या एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. पानवाडी असलेले एक गृहस्थ अठरा हजारांची मुदत ठेव ठेवायला आले. कारकुनाने फॉर्म भरला, मी तपासून सही केली. नॉमिनीचा रकाना कोरा होता. बँक ठेवींना नामनिर्देशनाचे नियम १९८५ सालीच लागू झाले होते, पण ते ऐच्छिक. ‘कोरा म्हणजे नको असेल,’ असे मी मनाशी म्हटले असेन. खरे तर काहीच म्हटले नसेन. महिनाअखेर होती, काउंटरवर गर्दी होती.

दीड वर्षाने ते गेले. त्यांची पत्नी पावती घेऊन आली. नॉमिनी असती तर मृत्यूचा दाखला आणि ओळख पाहून पैसे हाती पडले असते. आता वारसा प्रमाणपत्र हवे होते. वकील, कोर्ट, तारखा. चौदा महिने त्या काकी एस्‌टीने हेलपाटे घालत राहिल्या. मधल्या काळात वाडीचा एक तुकडा गहाण पडला. पैसे घ्यायला आल्या तेव्हा त्या मला एवढेच म्हणाल्या, ‘‘साहेब, त्यांना कुणी विचारलंच नसेल.’’

कुणी म्हणजे मी. त्या दिवशी कंपायलरच्या खुर्चीवर मी बसलो होतो.

हे मी भाचीला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘मामा, तुमच्या फॉर्ममध्ये ‘नको’ आणि ‘विचारलं नाही’ हे दोन्ही सारखेच दिसत होते.’’ टोनी होअर या थोर संगणकशास्त्रज्ञाने १९६५ साली एका भाषेत ‘काहीच नाही’ दाखवणारी रिकामी खूण घातली आणि २००९ साली तिला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटले. सर्वसाधारण रस्टमध्ये अशी मुकी रिकामी जागा नसते. ‘आहे, आणि ते हे’ किंवा ‘नाही’ असे स्पष्ट लिहावे लागते. नॉमिनी ऐच्छिक असू शकतो, पण निर्णय ऐच्छिक असू शकत नाही. रिझर्व बँकेनेही पुढे हेच सांगितले: ठेवीदाराला नामनिर्देशन नको असेल तर तसे त्याच्याकडून लिहून घ्या.

तरीही, वाचकहो, यंत्राच्या पहाऱ्यावर सगळे सोपवून मोकळे होण्याचा मोह टाळावा. शाखेत संगणक आले, सक्तीच्या रकान्यांवर लाल चांदण्या आल्या, आणि आमचे लोक त्यांत एक टिंब किंवा दहा वेळा नऊचा आकडा टाकून पुढे जाऊ लागले. रकाना भरला आहे एवढेच यंत्र जाणते. भरलेले खरे आहे का, ते जाणत नाही. भाचीही कबूल करते, की या पद्धतीत भाषांतराला वेळ जास्त लागतो आणि चूक झाली तर कंपायलरचे पत्र वकिलाच्या नोटिशीसारखे लांबलचक येते. ‘‘मग कशाला एवढा खटाटोप?’’ मी विचारले. ‘‘कारण चूक माझी असेल तर त्रासही मलाच झाला पाहिजे,’’ ती म्हणाली.

या वाक्यावर मी रात्रभर विचार केला. आमच्या सगळ्या व्यवस्थेत चूक एकाची आणि हेलपाटे दुसऱ्याचे, असेच चालत आले. चूक जितकी उशिरा उघडी पडते, तितकी ती दुबळ्या माणसाच्या दारात जाऊन पडते.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. दिवाळीनंतर मी माझ्या साऱ्या पावत्या बाहेर काढल्या. एकीवरचा रकाना कोराच होता. पस्तीस वर्षे दुसऱ्यांचे फॉर्म तपासणाऱ्या माणसाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच शाखेत जाऊन तो भरला. काउंटरवरच्या मुलीने न पाहताच शिक्का उचलला. मी तिला म्हटले, ‘‘बाई, एकदा वाचून पाहा.’’