आतड्यातील पाण्याचा जमाखर्च

निरोगी प्रौढ माणूस अन्नपाण्यावाटे दिवसाकाठी सुमारे २ लिटर द्रव घेतो. त्याच्या लहान आतड्यात मात्र दररोज सुमारे ९ लिटर द्रव येऊन पडतो. हे जास्तीचे ७ लिटर शरीर स्वतःच ओतीत असते. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि खुद्द आतड्याच्या भिंतीतून स्रवणारा आंत्ररस यांचा त्यात समावेश होतो. यांपैकी मलावाटे बाहेर पडतो तो जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. बाकी सर्व रक्तात परत जातो. शरीरातील एकूण रक्तच सुमारे ५ लिटर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा जमाखर्च बिघडल्यास काय ओढवेल याची कल्पना येते.

द्रवाचे शोषण बव्हंशी लहान आतड्यात होते. त्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे असंख्य रसांकुर असतात आणि त्यांवर पेशींचा एकच थर असतो. या पेशी पाणी थेट ओढून घेत नाहीत. त्या सोडियम आत घेतात व पलीकडे रक्ताच्या दिशेने लोटतात. पाणी त्याच्या मागोमाग जाते. सोडियम आत येण्याचे मार्ग अनेक आहेत. त्यांपैकी एका मार्गाने सोडियम व ग्लुकोज जोडीनेच आत शिरतात. एकट्याला तेथे प्रवेश नाही. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे ही कल्पना प्रथम मांडली.

पटकीत नेमके काय बिघडते? रोगजंतू आतड्याच्या भिंतीला भोके पाडीत नाहीत. ते एक विष सोडतात. कलकत्त्याचे शंभूनाथ डे यांनी सशांच्या आतड्यांवर प्रयोग करून १९५९ साली हे विष दाखवून दिले. त्याच्या प्रभावाने पेशी क्लोराइड बाहेर टाकू लागतात आणि त्यापाठोपाठ सोडियम व पाणी वाहून जाते. तीव्र पटकीत प्रौढ रोगी तासाला १ लिटरपर्यंत द्रव गमावू शकतो. तथापि ग्लुकोजच्या जोडीने सोडियम शोषणारा मार्ग या अवस्थेतही शाबूत राहतो. म्हणूनच नुसते पाणी किंवा नुसते मीठ पुरेसे ठरत नाही. मिठाबरोबर साखर दिली म्हणजे दोन्ही शोषली जातात व पाणीही आत येते.

या ज्ञानाची कसोटी १९७१ साली लागली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली आणि पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी १ लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे द्रावण तयार करविले. ते पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांनीच केले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ च्या खाली आले.

पुढे या द्रावणाची तयार पाकिटे सर्वत्र मिळू लागली. पाकीट हाताशी नसेल, तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात साखरेचे ६ व मिठाचा अर्धा चमचा घालावा. चमचे चहाचे व सपाट भरलेले असावेत. माप मात्र चुकवू नये. साखर जास्त झाल्यास आतडे उलट पाणी बाहेर ओढते. मीठ जास्त झाल्यास लहान मुलांना अपाय होतो. या द्रावणाने जुलाब लगेच थांबत नाहीत, तेव्हा ते निरुपयोगी समजून मध्येच सोडू नये. त्याचे काम गेलेले पाणी व क्षार भरून काढण्याचे आहे. रोगी ग्लानीत असेल किंवा त्याच्या पोटात काहीच ठरत नसेल, तर मात्र शिरेतून सलाईन देणे अपरिहार्य असते व त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते.