कोयलीचा गॅस आणि घरचे स्वयंपाकघर

बडोद्यानजीक कोयली येथे १९६५ साली तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांतील गॅस घरोघर पोहोचला, तेव्हा चुलीच्या धुराने काळवंडणाऱ्या भिंतींना फिका रंग देणे आमच्या भगिनींस शक्य झाले. ओट्यामागे हातभर उंचीच्या पांढऱ्या लाद्या बसवाव्यात. तेलाचे डाग ओल्या फडक्याने निघतात. मांडणीवरील पितळी डबे हलवावेत, असे आम्ही तरी म्हणणार नाही! खिडकीचा पडदा शेगडीपासून दूर असावा. मात्र सिलिंडर दिसू नये म्हणून बंद कपाट करण्याची हौस टाळावी. हा गॅस हवेहून जड असल्याने गळल्यास जमिनीलगत साचतो. यास्तव सिलिंडर उभा, शेगडीच्या पातळीखाली ठेवावा व तेथेच भिंतीत, जमिनीलगत, जाळीचा झरोका सोडावा.