मोक्षासाठी जपलेले शब्द

महानुभाव पंथात मोक्षाची वाट स्मरणातून जाते. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा (कृती) आठवायच्या, तर त्या आधी टिकायला हव्यात. पंथाचे अनुयायी म्हाइंभट यांनी गावोगाव प्रत्यक्षदर्शींना गाठून, 1278च्या सुमारास रिद्धपुरात लीळाचरित्र सिद्ध केले. स्वामींची वचने केशिराजबासांनी सूत्रपाठात वेगळी काढली. केशिराज संस्कृतचे पंडित. पण पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना संस्कृतात लिहिण्यापासून अडवले, नाहीतर पंथातल्या म्हाताऱ्या बायका धर्माला मुकल्या असत्या. पुढे लीळाचरित्राची मूळ प्रत लुटीत गेली. मग सगळी भिस्त पाठांतरावर! पंथातल्या हिराइसा या साध्वीला जे तोंडपाठ होते, ते आजही ‘हिराइसा पाठ’ म्हणूनच ओळखले जाते. गंमत म्हणजे, बायकांसाठी मराठीत आलेले हे ग्रंथ नंतर सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली.