विलायतेतली पायी सहल : थंडी, गुडघे आणि गोचीड

मुलगा-सून नोकरीसाठी इंग्लंडात असली की आईवडिलांचा मे ते जुलै तिकडे मुक्काम असतो, हे आता तालुक्याच्या गावीही नवे राहिलेले नाही. अशाच एका साठी उलटलेल्या जोडप्याने मध्यंतरी विचारले, की मुलाच्या वॉकिंग क्लबची एक्समूर भागात आठवडाभराची सहल आहे, रोज आठ-दहा मैल चालायचे, आम्ही जावे का? दोघे रोज तासभर फिरतात. त्यांना मधुमेह आहे, बाईंचे गुडघे कुरकुरतात. मी जरूर जा म्हटले. त्याबरोबर दिलेल्या सूचना इतरांच्याही उपयोगी पडाव्यात म्हणून इथे लिहितो.

अशा सहलींची तिकडे जुनी परंपरा आहे. हॉलिडे फेलोशिप ही संस्था १९१३ सालची, रॅम्बलर्स असोसिएशन १९३५ ची. बहुधा एखाद्या मोठ्या घरात सर्वांचा मुक्काम असतो, रात्रीचे जेवण एकत्र होते आणि सकाळी लांब, मध्यम व आखूड पल्ल्याच्या तुकड्या निघतात. आखूड तुकडीत जाण्यात कमीपणा मानू नये. आपल्या मंडळींचे पहिले चुकते ते इथेच.

एक्समूर हे इंग्लंडच्या नैऋत्येला, सॉमरसेट आणि डेव्हन परगण्यांत, समुद्राला लागून असलेले राष्ट्रीय उद्यान. 'मूर' म्हणजे उंचावरचे उघडे, ओलसर माळरान. झाडे फारशी नाहीत. हेदरची खुरटी झुडपे, गवत आणि नेचे. कोकणातला सडा पाहिलेल्यांना थोडी कल्पना येईल. तिथले सर्वांत उंच ठिकाण, डंकरी बीकन, अवघे ५१९ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. हा आकडाच फसवतो. किनाऱ्याची वाट प्रत्येक ओढ्याच्या मुखाशी खाली उतरते आणि पुन्हा कड्यावर चढते. माइनहेड गावापासून सुरू होणारा ६३० मैलांचा किनारी मार्ग संपूर्ण चालला तर एकूण चढ एव्हरेस्टच्या जवळजवळ चौपट भरतो.

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा हिशेब दिला. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. बारा किलोमीटर व ६०० मीटर चढ असेल तर साधारण साडेतीन तास, तेही न थांबता. साठी ओलांडलेल्यांनी माझ्या मते त्यात निम्मा वेळ आणखी मिळवावा.

चढताना दम लागतो, पण दुखणे येते ते उतारावर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, त्यामुळे त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. ही ठणक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, म्हणून त्या दिवशी आखूड पल्ला घ्यावा. आपल्या सपाट रस्त्यावरच्या फेरीने याची तयारी होत नाही. निघण्याआधी सहा आठवडे जिना चढण्या-उतरण्याचा सराव करावा, आणि सहलीत दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात.

आता थंडीविषयी. बर्फ नसताना, तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही थंडीने माणूस दगावू शकतो, हे आपल्याला चटकन पटत नाही. मार्च १९६४ मध्ये डर्बीशायरच्या मूरवर 'फोर इन्स वॉक' या चालण्याच्या स्पर्धेत तीन धडधाकट तरुण गारठून मेले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर गेलेले शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी त्या घटनेचा अभ्यास केला. पाऊस, वारा आणि थकवा हे तिघे एकत्र आले होते. कपड्यांत अडकलेली हवा आपली ऊब राखते. कपडे भिजले की हवेच्या जागी पाणी येते आणि वारा ती ऊब ओढून नेतो. थकलेला माणूस हळू चालतो, त्यामुळे शरीरात उष्णताही कमी तयार होते. आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की धोका सुरू झाला. उतारवयात कुडकुडणेही कमी होते, म्हणजे शरीर इशाराच नीट देत नाही.

सुती कपडे आणि जीन्स इथे कुचकामी. लोकरीचा स्वेटर, वर वारा-पाऊस अडवणारा कोट, कानटोपी, आणि पिशवीत कोरडा जोड हवा. सोबत्याची जीभ जड झाली, पाय अडखळू लागले, तो उगाच चिडू लागला किंवा गप्प झाला, तर थकला असेल म्हणून सोडून देऊ नका. आडोशाला न्या, ओले कपडे बदला, गरम गोड पेय द्या. अंग चोळू नका. ब्रँडी तर मुळीच नको. तिने कातडीकडचा रक्तपुरवठा वाढून उरलीसुरली ऊबही जाते.

मधुमेह्यांत साखर उतरली तरी हीच लक्षणे दिसतात! तेव्हा माणूस शुद्धीवर असेल तर आधी ग्लुकोज किंवा साखर द्या. चिक्की नंतर, तिच्यातल्या तेलामुळे साखर सावकाश चढते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी चालण्याच्या दिवसांचा डोस आपल्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावा. मोठ्या चालीनंतर साखर रात्री झोपेतही उतरू शकते.

समूहात एक गोष्ट नेहमी घडते. पुढचे लोक फाटकाशी थांबतात, मागे राहिलेला धापा टाकत पोचतो, आणि तो पोचताच सगळे निघतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत गरज, त्याच्याच वाट्याला ती येत नाही. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला म्होरक्याच्या लगेच मागे ठेवावे आणि शेवटी एका जाणत्याने चालावे. आमच्या बायका वाटेत सोय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीची जळजळ घेऊन परततात. उघड्या माळावर ही अडचण खरी आहे, पण म्होरक्याला सांगितले की तो थांबतो. तिकडे यात कोणी लाजत नाही.

पुळणीवर उतरायचे तर भरतीची वेळ विचारूनच. ब्रिस्टल खाडीतली भरती जगातल्या सर्वांत मोठ्या भरतींपैकी आहे. कड्याखाली अडकलात तर ९९९ फिरवून कोस्टगार्ड मागावे. प्रवासविमा काढताना जुने आजार लपवू नयेत. अपघात विभागातले उपचार तिकडे मोफत असले, तरी पाहुण्याला रुग्णालयात दाखल केल्यास मोठे बिल येते.

शेवटी गोचीड. नेच्यांत आणि गवतात तो असतो, आणि त्याच्यामार्फत लाइम नावाचा जंतुजन्य रोग होतो. (आपल्याकडे सिंधुदुर्गात २०१६ मध्ये उद्भवलेला माकडतापही गोचिडामुळेच पसरतो, पण तो विषाणूचा, वेगळा आजार.) विजार मोज्यांत खोचावी. संध्याकाळी जांघ, काखा, गुडघ्यांची मागची बाजू तपासावी. चिकटलेला गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा; रॉकेल, तेल, काडीचा चटका असले उपाय नकोत. चावल्यावर एक ते चार आठवड्यांत, क्वचित तीन महिन्यांपर्यंत, त्या जागी पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसू शकते. ते फारसे खाजत किंवा दुखत नाही, आणि सावळ्या कातडीवर लालऐवजी काळपट दिसते. वेळीच प्रतिजैविके घेतली तर रोग सहसा बरा होतो. तोवर तुम्ही गावी परतलेले असाल, आणि इथल्या डॉक्टरांच्या मनात हा आजार चटकन येणार नाही. म्हणून गोचीड निघाला ती तारीख वहीत टिपून ठेवा, आणि ताप किंवा चट्टा घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा आपण कुठे चाललो होतो ते आधी सांगा.