रबरी कातड्यातला दैत्य

वर्ध्यास गीताई मंदिराशेजारी उभ्या असलेल्या शुभ्र विश्वशांती स्तूपाचे आणि तोकियोतील तोहो चित्रसंस्थेत जन्मलेल्या गॉडझिला नामक रबरी दैत्याचे काही नाते लागते, हे प्रथमदर्शनी कोणास पटणार नाही. परंतु १९३३ साली गांधीजींच्या भेटीस वर्ध्याला आलेले जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी, ज्यांच्या पंथाचा मंत्र पुढे सेवाग्रामच्या प्रार्थनेत समाविष्ट झाला, त्यांनी अणुसंहारानंतर शांतिस्तूप उभारण्याचे व्रत घेतले. त्यांचा पहिला स्तूप १९५४ साली कुमामोतो येथे पुरा झाला. आणि त्याच वर्षाच्या ३ नोव्हेंबरला, उद्‌जन बाँबच्या चाचण्यांनी समुद्रतळातून हुसकलेला हा दैत्य तोकियो जाळीत पडद्यावर आला. त्यापूर्वी आठच महिने बिकिनी बेटांवरच्या चाचणीस्फोटाची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती व तिचा बिनतारी यंत्रचालक सप्टेंबरात दगावला होता. तेव्हा दिग्दर्शक इशिरो होंडा यांच्या या पहिल्या गॉडझिलापटात हसण्यासारखे काहीच नाही, हे टवाळांनी ध्यानात ठेवावे.

टवाळीचा खरा विषय म्हणजे ते कातडे. अमेरिकेच्या ‘किंग काँग’प्रमाणे बाहुली तसूतसूने हलवून एकेक चित्र टिपण्याची चमत्कारदृश्यांचे कर्ते एइजी त्सुबुराया यांची मनीषा होती, पण तितकी मुदत व तितका पैसा मिळणे अशक्य, म्हणून माणसालाच दैत्य करण्याची तजवीज झाली. बांबू व तारेच्या सांगाड्यावर कापूस आणि वितळविलेल्या रबराचे थर चढवून सिद्ध झालेला पहिला पोशाख सुमारे १०० किलो वजनाचा आणि इतका ताठर होता, की आत शिरलेल्या हारुओ नाकाजिमा या नटास जेमतेम दहा मीटर चालता आले. तो कापून त्याचे पाय तेवढे निकटच्या दृश्यांसाठी ठेवले आणि दुसरा, जरा हलका, शिवला गेला. नाकाजिमा प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलांची चाल न्याहाळीत बसे. चित्रीकरणाच्या वेळी मात्र दिव्यांच्या धगीत, कोंडलेल्या हवेत, घामाने निथळत त्याला चिमुकली शहरे तुडवावी लागत. कॅमेरा नेहमीहून पुष्कळ वेगाने फिरवीत, त्यामुळे पडद्यावर गती मंदावून त्या पावलांना वजन येई आणि ठिसूळ भिंती खऱ्या इमल्यांच्या भाराने कोसळल्यासारख्या भासत. गर्जना तर राळ लावलेला चामडी हातमोजा भल्याथोरल्या तंतुवाद्याच्या सैल तारांवर ओढून काढलेली. संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पकतेस माझा मुजरा.

पुढे बाळगोपाळांच्या तिकिटांचा हिशेब प्रबळ झाला. १९६२ साली गॉडझिला काँगशी कुस्ती खेळला. १९६५ साली तर परग्रहावर विजयानंदाने त्याने चक्क उड्या मारल्या. हे लोण आपल्याकडेही पोचले: १९६६ साली बलवंत दवे यांनी तबस्सुम व आझाद यांना घेऊन ‘गोगोला’ हा समुद्रराक्षसाचा हिंदी बोलपट काढला.

मला त्या उड्या पाहून हसू येते खरे, पण तिथेच आतला माणूस सर्वांत स्पष्ट दिसतो. इतका बोजा अंगावर घेऊन हवेत उसळणे ही पहिलवानकी आहे. आणि नाकाजिमाने ती १९७२ पर्यंत, बारा गॉडझिलापटांत, चेहरा न दाखविता केली.