ट्रायथलॉनसाठी सायकलिंगच्या बुटांची निवड

ट्रायथलॉनमध्ये पोहणे, सायकल चालवणे व धावणे सलग होते. मधल्या बदलाचा वेळही एकूण वेळेत धरला जातो. म्हणून या स्पर्धेसाठीच्या बुटाला रुंद तोंड, एक-दोन वेल्क्रोपट्टे आणि टाचेमागे बोट घालून ओढण्यासाठी बंद असतो. ओले पाऊल बहुधा मोज्याविनाच आत जाते. आतील शिवण टोचली तर कातडी सोलवटते. ऑलिंपिक अंतराच्या ४० किलोमीटरांत वाचलेले सेकंद मोलाचे ठरतात. १८० किलोमीटरांच्या दीर्घ स्पर्धेत मात्र पाऊल सुजते. तेथे हवा तसा घट्ट-सैल करता येणारा साधा सायकलिंगचा बूटही योग्य ठरतो. बुटाच्या तळाची क्लीट पेडलशी जुळणे दोन्हीकडे आवश्यकच. सारांश, आधी अंतर पाहावे, मग बूट. कारण दुखावलेल्या पावलांनीच पुढे धावायचे असते.