डिस्क बदलली आणि मराठी गेली

बाबांचा संगणक सुरू व्हायचा तोवर गॅसवर चहा उकळून व्हायचा. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायला मला वीस मिनिटं लागली. चार स्क्रू आणि दोन केबल, एवढंच तर काम. पुढचे दोन रविवार मात्र सॉफ्टवेअरची समजूत काढण्यात गेले.

पहिली चूक माझीच. विंडोज नव्या डिस्कवर टाकताना जुनी डिस्क जोडलेलीच ठेवली. संगणक सुरू करण्यासाठी लागणाऱ्या फायलींचा एक छोटा कप्पा डिस्कवर असतो. तो जुन्या डिस्कवर आधीपासून होता, म्हणून इन्स्टॉलरने नव्या विंडोजच्या फायलीही तिथेच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी जुनी डिस्क काढली तर पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’. विंडोज नव्या डिस्कवर, किल्ली जुन्या डिस्कवर! तेव्हा इन्स्टॉल करताना नवी डिस्क सोडून बाकी सगळ्या काढून ठेवा. मी सगळं पुसून पहिल्यापासून केलं.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल म्हणजे क्लोन केला, तर हा व्याप टळतो. पण सोबत बायोसमधली सेटिंग्ज कुणी बदलली, तर निळा पडदा येऊ शकतो. विंडोज ज्या पद्धतीने डिस्कशी बोलायला शिकलेलं असतं, ती पद्धत अचानक बदलते. अशा वेळी ‘साटा मोड’ पूर्वीचाच ठेवून पाहा. दुकानदार लगेच नवी डिस्क खराब ठरवतात, तसं सहसा नसतं.

परवान्याची भीती मात्र अकारण निघाली. विंडोज १० आणि ११ चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो. डिस्क बदलली तरी तो जात नाही. फक्त आवृत्ती तीच हवी, होमच्या जागी प्रो टाकलं तर अडणार. वाय-फायचा ड्रायव्हर नव्हता आणि तो उतरवायला इंटरनेट हवं, हा पेच मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केल्यावर सुटला.

खरा गोंधळ त्यानंतर झाला. बाबा सोसायटीचे सचिव. इतिवृत्ताची फाइल उघडली आणि त्यांनी हाक मारली, “अरे, हे सगळं इंग्रजीत कुणी केलं?” ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी अक्षरं दिसत होती. बाबा कृतिदेवमध्ये टाइप करतात. या जुन्या फॉन्टमध्ये साठवली जातात ती इंग्रजी अक्षरंच. त्यांना ‘म’, ‘र’ असं रूप फॉन्ट देतो. फॉन्ट गेला की रूप गेलं. युनिकोडमध्ये ‘म’ला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तिथे दुसरा कुठलाही देवनागरी फॉन्ट चालतो.

जुनी डिस्क यूएसबी केबलने जोडली. तिच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समध्ये कृतिदेवची फाइल होती. ती नव्या डिस्कवर इन्स्टॉल केली, अन् इतिवृत्त पुन्हा मराठीत आलं. बाबांच्या स्वतःच्या फोल्डरने मात्र ‘परवानगी नाही’ असं सांगितलं. नव्या विंडोजच्या लेखी जुन्या विंडोजचे वापरकर्ते परके. गुणधर्मांत जाऊन त्या फोल्डरची मालकी घ्यावी लागली. डिस्क बिटलॉकरने बंद असती, तर एवढ्यावर भागलं नसतं. तिथे ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती स्क्रू काढण्यापूर्वीच कागदावर उतरवून ठेवा.

टॅली किंवा डिजिटल स्वाक्षरीचं टोकन वापरत असाल, तर त्यांचे परवाने, पासवर्ड आणि ड्रायव्हर यांची यादीही आधीच करा. आणि जुनी डिस्क घाईने फॉरमॅट करू नका. आमची अजून कपाटात आहे. मार्चअखेरचे हिशेब होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, असं बाबांनी बजावलं आहे.